सगळं जोडलं, तरी दिवा का लागत नाही?

‘आकृतीबरहुकूम जोडणी केली. भाग नवे, बॅटरी नवी. मग चालत का नाही?’ इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लागलेला प्रत्येक जण पहिल्या-दुसऱ्या बोर्डानंतर हा प्रश्न विचारतोच. बहुतेक वेळा आकृती बरोबर असते, भागही धड असतात. घोळ असतो सांध्यांत. आणि तो सापडत नाही, कारण पहिली तपासणी बॅटरी जोडल्यावरच सुरू झालेली असते. तोवर एका बोर्डावर पंधरा-वीस सांधे झालेले असतात आणि संशय सगळ्यांवरच येतो.

या प्रकरणात एकच छोटं सर्किट घेऊ, त्याचे सांधे नीट करू आणि टप्प्याटप्प्याने तपासत पुढे जाऊ.

१. सर्किट : सेकंदाला एकदा लुकलुकणारा दिवा

आपला मुख्य भाग आहे ५५५ नावाची आठ पायांची आयसी. हान्स कॅमेनझिंड या मूळच्या स्विस अभियंत्याने अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ साली तिची रचना केली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. अर्धशतक उलटून गेलं तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘ट्रिपल फाइव्ह द्या’ म्हटलं की दुकानदार न बघता खणात हात घालतो. नवशिक्यासाठी मला याहून चांगली आयसी ठाऊक नाही. ती स्वस्त आहे, ४.५ ते १५ व्होल्टपर्यंत चालते आणि थोडंफार सोसते.

बाकी सामान असं : १० के, ६८ के आणि ४७० ओहमचे रेझिस्टर (‘के’ म्हणजे किलोओहम), १० आणि १०० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ०.०१ मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर, लाल एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, आठ पायांचं आयसी सॉकेट, आणि दुकानात ज्याला ‘झिरो पीसीबी’ म्हणतात तो भोकाभोकांचा बोर्ड. त्याची भोकं एकमेकांपासून २.५४ मिलिमीटरवर असतात. आयसीच्या पायांमधलं अंतरही तेवढंच, म्हणून सॉकेट त्यात बरोबर बसतं.

आयसीवर एका टोकाला खाच किंवा ठिपका असतो. खाच वर धरली की डावीकडचा वरचा पाय पहिला. तिथून खाली मोजत जायचं आणि उजव्या बाजूने वर यायचं. उजवीकडे अगदी वर येतो तो आठवा.

आता जोडणी. बॅटरीचा धन आठव्या पायाला, ऋण पहिल्याला. चौथा पाय आठव्याशी जोडलेला. आठ आणि सात यांच्यामध्ये १० के, सात आणि सहा यांच्यामध्ये ६८ के. सहा आणि दोन एकमेकांना जोडलेले, आणि त्यांच्यापासून पहिल्या पायापर्यंत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पाचव्या पायापासून पहिल्यापर्यंत ०.०१ चा. तिसऱ्या पायातून ४७० ओहम आणि एलईडीमधून ऋण बाजूला. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर थेट बॅटरीच्या धन-ऋणावर, म्हणजे आयसीला मिळणारं व्होल्टेज हिंदकळणार नाही.

हे चालतं कसं? १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन्ही रेझिस्टरमधून हळूहळू चार्ज होतो. त्याचं व्होल्टेज बॅटरीच्या दोनतृतीयांशाला, म्हणजे ६ व्होल्टला पोचलं की आयसी तिसरा पाय खाली आणते, दिवा विझतो आणि सातव्या पायाच्या वाटेने कपॅसिटर रिकामा होऊ लागतो. तो एकतृतीयांशापर्यंत, म्हणजे ३ व्होल्टवर उतरला की आयसी उलट करते : दिवा लागतो, चार्जिंग पुन्हा सुरू. ३ आणि ६ हे आकडे लक्षात ठेवा. तपासणीत त्यांचाच उपयोग होणार आहे.

वेळ काढणं सोपं आहे. किलोओहम आणि मायक्रोफॅरड यांचा गुणाकार मिलिसेकंदांत येतो, त्याला ०.६९३ ने गुणायचं. चार्ज होताना दोन्ही रेझिस्टर धरायचे : ७८ गुणिले १० म्हणजे ७८०, त्याचे ०.६९३ पट सुमारे ५४० मिलिसेकंद. रिकामा होताना फक्त ६८ के : ६८० चे ०.६९३ पट सुमारे ४७०. बेरीज १,०१० मिलिसेकंद, म्हणजे जवळपास एक सेकंद. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची किंमत छापलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्के इकडेतिकडे असू शकते. त्यामुळे दिवा ०.८ किंवा १.२ सेकंदाला लुकलुकला तर बिघाड शोधत बसू नका.

२. कल्हई आणि सोल्डर

कल्हईवाल्याला काम करताना पाहिलं असेल तर सोल्डरिंगचं निम्मं शास्त्र तुम्ही पाहिलेलं आहे. तो आधी भांडं तापवतो. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून पुसतो. धूर निघतो आणि धातूवरचा काळपटपणा जातो. मग कथील नुसतं टेकवतो, आणि ते भांड्याच्याच उष्णतेने वितळून पसरतं. भांडं थंड असताना वरून वितळलेलं कथील ओतलं, तर त्याचे गोळे होऊन ते घरंगळून जाईल.

सोल्डरिंगमध्येही तांब्यावर कथीलच पसरवायचं असतं. आपल्या सोल्डर वायरीत कथील आणि शिसं असतं, बहुधा ६० आणि ४० टक्के. नवसागराचं काम करते राळ. ती वायरीच्या पोटातच भरलेली असते आणि तिलाच फ्लक्स म्हणतात. तांबं १,०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे इथे ते वितळण्याचा प्रश्नच नाही. पण कथील वितळलेलं असताना त्याचा आणि तांब्याचा एक अतिशय पातळ संयुक्त थर तयार होतो. सांध्याची पकड ती याच थराची. तांब्यावर ऑक्साइड असेल किंवा तांबं पुरेसं तापलेलं नसेल, तर हा थर बनत नाही. सोल्डर वरून टेकलेलं दिसतं आणि आत वीज जात नाही. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे यालाच ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

६०/४० सोल्डर १८३ अंशांना मऊ पडू लागतं आणि साधारण १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतं. या दोन तापमानांमध्ये ते लापशीसारखं असतं. थंड होताना नेमक्या त्याच क्षणी भागाचा पाय हलला, तर सांध्यात बारीक चिरा पडतात. ६३/३७ प्रमाणाचं सोल्डर मात्र १८३ ला एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. मिळालं तर तेच घ्या. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं. २००६ साली युरोपने विक्रीच्या उपकरणांतल्या शिशावर निर्बंध लागू केले, तेव्हापासून कारखान्यांत तेच जास्त वापरलं जातं. घरी शिकायला ते जड जातं.

खरेदीबद्दल माझं मत ठाम आहे : मल्टीमीटर स्वस्तातला चालेल, सोल्डर वायर स्वस्तातली नको. नाव नसलेल्या रिळात कथील किती आणि फ्लक्स कसला हे कळायला मार्ग नसतो. २२ गेजची, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीची वायर या कामाला नेमकी पुरते. नळजोडणीचा आम्लयुक्त फ्लक्स बोर्डाला कधीही लावू नका. तो मागे राहून तांबं खात बसतो.

३. सांधा

२५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरेसं आहे. तापमान बदलता येत असेल तर ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. ते ओल्या स्पंजवर किंवा पितळी काथ्यावर पुसायचं आणि लगेच बिटवर, म्हणजे त्याच्या टोकावर, किंचित सोल्डर लावायचं. बिट चंदेरी दिसली पाहिजे. काळी बिट कितीही गरम असली तरी उष्णता पुढे देत नाही. नवशिक्याचा निम्मा त्रास या काळ्या बिटनेच होतो आणि दोष जातो स्वतःच्या हाताला.

बुटके भाग आधी लावायचे : रेझिस्टर, मग सॉकेट, मग सिरॅमिक कपॅसिटर, शेवटी इलेक्ट्रोलिटिक आणि एलईडी. उंच भाग आधी लावले तर बोर्ड पालथा केल्यावर बुटके भाग भोकांतून खाली घसरतात. लावताना दिशा बघा. एलईडीचा लांब पाय धन. इलेक्ट्रोलिटिकच्या अंगावरची पट्टी ऋण पाय दाखवते. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर थेट बॅटरीवर आहे. तो उलटा लागला तर तापतो आणि फुटूही शकतो. रेझिस्टरला दिशा नसते, पण रंग नीट वाचा : १० के तपकिरी-काळा-नारिंगी, ६८ के निळा-करडा-नारिंगी, ४७० ओहम पिवळा-जांभळा-तपकिरी. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी यांत फसगत होते. शंका आली की लावण्याआधी मीटरवर मोजा.

आता प्रत्यक्ष सांधा. बिट अशी टेकवा की ती बोर्डावरच्या तांब्याच्या वाटोळ्याला आणि भागाच्या पायाला, दोघांनाही एकाच वेळी स्पर्श करेल. एखादा सेकंद थांबा. मग सोल्डर वायर दुसऱ्या बाजूने पायाला लावा, बिटला नाही. धातू तापला असेल तर वायर आपसूक वितळेल आणि सोल्डर वाटोळ्यावर पसरून पायाभोवती चढेल. आधी वायर काढा, मग आयर्न. दोन सेकंद बोर्ड हलवू नका, फुंकरही मारू नका. हे सगळं तीन-चार सेकंदांत आटोपलं पाहिजे. दहा सेकंद रेटत राहिलात तर तांब्याचं वाटोळं बोर्डावरून सुटतं.

बिटवर सोल्डरचा थेंब घेऊन तो सांध्यावर ‘लावणं’ ही सगळ्यात लोकप्रिय चूक. थेंब पोचेपर्यंत त्यातला फ्लक्स जळून गेलेला असतो, मग तांब्यावरचा ऑक्साइड काढणार कोण?

चांगला सांधा पायथ्याशी रुंद, वर निमुळता आणि कडेने आत वळलेला असतो. शिशाचं सोल्डर असेल तर तो चकाकतो. गोळा होऊन बसलेला, कडेला फट दिसणारा किंवा खडबडीत सांधा नापास. त्याच्यावर आणखी सोल्डर थापू नका. किंचित नवी वायर लावून पुन्हा नीट तापवा, म्हणजे ताजा फ्लक्स मिळेल. शेजारच्या सांध्याला सोल्डर चिकटून शॉर्ट झालं असेल तर डीसोल्डर पंपाने ओढून घ्या.

सॉकेट सोल्डर करताना आयसी त्यात नसावी. एक म्हणजे तिला उष्णता लागत नाही. दुसरा फायदा पुढच्या भागात कळेल.

सोल्डरिंगचा जो धूर दिसतो तो राळेचा. इतक्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. तरीही राळेच्या धुराने घसा धरतो, दम्याच्या माणसाला त्रास होतो. खिडकी उघडी ठेवा, चेहरा सांध्यावर झुकवू नका. शिसं पोटात जातं ते हातांवाटे. काम करताना खाऊ नका, उठलात की साबणाने हात धुवा. पाय कापताना कटरखालचा तुकडा बोटाने धरा, नाहीतर तो थेट डोळ्याकडे उडतो.

४. रिकाम्या सॉकेटची तपासणी

बॅटरी अजून जोडायची नाही. आधी भिंग घेऊन एकेक सांधा बघा. मग मल्टीमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे बीप वाजणाऱ्या खुणेवर लावा. सॉकेटच्या भोकांत प्रोब जात नसेल तर भागांचे कापलेले पाय त्यात खोचा आणि त्यांना प्रोब लावा. चार आणि आठ : बीप हवी. दोन आणि सहा : बीप हवी. बाकी शेजारच्या कोणत्याही दोन पायांमध्ये बीप नको. अशाने तुमच्या सांध्यांबरोबर सॉकेटचे संपर्कही तपासले जातात.

आता ओहमवर येऊन लाल प्रोब धनाला, काळी ऋणाला लावा. आकडा लहानापासून चढत जाईल आणि शेवटी मीटर ‘आवाक्याबाहेर’ची खूण दाखवेल. मीटर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चार्ज करतंय, म्हणून तो चढतो. क्षणभर बीप वाजून थांबली तरी घाबरू नका. आकडा शून्यालाच चिकटून राहिला तर मात्र शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत बॅटरीला हात लावायचा नाही.

हे पार पडलं की बॅटरी जोडा, सॉकेट अजूनही रिकामंच. मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर. लाल प्रोब व्होल्टच्या भोकात आहे ना, हे बघून घ्या. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि बॅटरीला लावली तर मीटर स्वतःच शॉर्ट होतं. काळी प्रोब पहिल्या पायाच्या भोकाला धरून ठेवा. आठव्यावर ९, चौथ्यावर ९. लाल प्रोब सहाव्यावर धरून सहावं आणि पहिलं भोक तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडा आणि तुकडा काढा : आकडा शून्यापासून चढताना दिसेल आणि तीन-चार सेकंदांत ९ च्या जवळ जाऊन थांबेल. तुमच्या कपॅसिटरचं चार्ज होणं तुम्ही मीटरवर बघताय. तो चढलाच नाही, तर १० के किंवा ६८ के यांचा सांधा कच्चा आहे, नाहीतर कपॅसिटर उलटा लागलाय. सहाव्यावर चढला आणि दुसऱ्यावर नाही, तर त्या दोघांना जोडणारी तार बघा.

आणखी एक सोपी कसोटी. भागांच्या कापलेल्या पायांपैकी एक वाकवून सॉकेटच्या आठव्या आणि तिसऱ्या भोकांत घाला. एलईडी लागला पाहिजे. त्यातून किती प्रवाह जातो? लाल एलईडी साधारण २ व्होल्ट स्वतःवर घेतो, उरले ७; सात भागिले ४७० म्हणजे सुमारे १५ मिलिअँपिअर. एलईडीला हे सुखाने झेपतं. लागला नाही तर तो उलटा लावलेला आहे किंवा त्या फांदीतला सांधा कच्चा आहे. कारण काहीही असो, शोधायची जागा दोन भागांपुरती उरली.

५. आयसी बसवल्यावर

बॅटरी काढा. आयसीचे पाय किंचित फाकलेले असतात. ते टेबलावर हलकेच दाबून सरळ करा, खाच सॉकेटच्या खाचेशी जुळवा आणि दोन्ही बाजूंनी सारखी दाबा. एखादा पाय आत दुमडून आयसीच्या पोटाखाली गेला तर वरून तो बसल्यासारखाच दिसतो. बाजूने वाकून बघा. उलटी बसवलेली आयसी चालत नाही आणि बिघडूही शकते.

बॅटरी जोडा आणि लगेच आयसीवर बोट ठेवा. चटका बसला तर बॅटरी ओढून काढा. गार असेल आणि दिवा लुकलुकू लागला, तर काम झालं. तरीही पाचवा पाय मोजा : तिथे बॅटरीच्या व्होल्टेजचा दोनतृतीयांश, म्हणजे सुमारे ६ हवेत. सहाव्यावर आकडा ३ आणि ६ च्या दरम्यान वरखाली होत राहील.

६. लक्षणावरून दोष

दिवा सतत पेटलेला, आणि सहाव्या पायावर व्होल्टेज ६ पर्यंत पोचतच नाही : कपॅसिटर चार्ज होत नाही. १० के, ६८ के आणि त्यांच्या सांध्यांकडे बघा.

बॅटरी जोडताच एकदा चमकून विझला तो विझलाच, आणि सहाव्यावर ९ व्होल्ट : कपॅसिटर चार्ज होतो पण रिकामा होत नाही. सातव्या पायाचा संपर्क तुटलेला आहे.

दिवा सेकंदाला सहा वेळा फडफडतो : ६८ के ऐवजी ६.८ के लागलाय, लाल-नारिंगीची तीच फसगत. हिशेब करून बघा : चार्ज होताना १६.८ गुणिले १०, रिकामा होताना ६.८ गुणिले १०. बेरीज २३६, तिचे ०.६९३ पट सुमारे १६४ मिलिसेकंद.

दिवा मंद पण सतत लागलेला दिसतो, सहाव्यावर आकडा साडेचारच्या आसपास स्थिर : बहुधा १० ऐवजी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागला आहे. दिवा सेकंदाला शंभरेक वेळा लुकलुकतोय. ते डोळ्याला कळत नाही आणि मीटरलाही.

कधी चालतं, कधी नाही : हा ड्राय सोल्डरचा खास नमुना. सर्किट चालू ठेवून उदबत्तीच्या विझलेल्या काडीसारख्या लाकडी टोकाने एकेक भाग हलकेच ढकला. ज्याला ढकलल्यावर दिवा बिथरतो, त्याचे सांधे पुन्हा तापवा. सगळेच सांधे पुन्हा तापवत सुटू नका. चांगले सांधे त्याने बिघडतात.

सगळं ठीक असेल तर बोर्ड डब्यात बंद करण्याआधी एक रात्र चालू ठेवा. कच्चा सांधा असेल तर तो टेबलावरच उघडा पडलेला बरा. पुढे ९ व्होल्टच्या बॅटरीऐवजी चार पेन्सिल सेल लावले तर जास्त दिवस चालेल. दिवा थोडा मंद होईल, पण वेग तोच राहील, कारण एकतृतीयांश आणि दोनतृतीयांश या मर्यादा बॅटरीबरोबरच खाली येतात.

आता ६८ के काढून ३३ के लावा. पण आयर्न तापत ठेवण्याआधी दिवा किती वेळा लुकलुकेल ते कागदावर काढा. उत्तर सेकंदाला दोनाच्या किंचित आत आलं पाहिजे.